घरची कॉपी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी सव्वानऊ.

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पॉइंट दोन. दिवाळी होऊनसुद्धा. गोळी नाही, इंजेक्शन नाही, डॉक्टरही नाही. (तीन डॉक्टर बदलले. तिघांचंही इंग्रजी कच्चं होतं.)

मोतीराम रिपोर्ट देताना नेहमीप्रमाणे टेबलाकडे बघत होता. मी म्हटलं, मोतीराम, हा रिपोर्ट मान वर करून द्यावा असा आहे. तो हो मॅडम म्हणाला आणि मान आणखी खाली घातली. कोपऱ्यावर लॅब टाकून त्याला वीस वर्षं झाली, पण आत्मविश्वास म्हणून नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने मला नऊ पॉइंट चार असा रिपोर्ट दिला होता. मी तो त्याच्या काउंटरवर आपटला आणि सांगितलं, मशीन तपास, डोळे तपास, मग माझं रक्त तपास. पुढच्या खेपेस सहा पॉइंट चार आला. तेव्हापासून त्याच्या मशीनला शिस्त लागली आहे. माणसं आणि यंत्रं, दोघांनाही एकदा आवाज चढवून सांगावं लागतं.

आजपासून रोजनिशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणचाळीस वर्षं लॉगबुक लिहिलं. एकही खाडाखोड नाही. रिटायर झाल्यापासून सात वर्षांची नोंद कुणाकडेच नाही, हे बरोबर नाही.

संकल्प: रोज छत्री तलावापर्यंत चालत जाऊन परत. गोड बंद. लोकांना बोलताना शब्द जपून वापरणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

चालणं झालं नाही. चपलेचा अंगठा तुटला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

अंगठा शिवून आणला. पण ऊन फार चढलं होतं. (उठले साडेआठला.)

दुपारी शेजारच्या लीलाबाई आल्या. त्यांची वलगावला शेती आहे, ती मुलगा बघतो. या इथे नातवंडांच्या शाळेसाठी राहतात. त्यांनाही साखर आहे. माझा रिपोर्ट दोनदा वाचला, म्हणजे मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "शालूताई, तुमी तं डॉक्टरलेबी मांगं टाकलं. मले सांगा न तुमची रीत." मी सांगितली. पहाटे मेथीचं पाणी. गोड खायचंच तर सकाळी दहाच्या आत, म्हणजे दिवसभरात जळतं. आणि मनाची शिस्त. गोळ्यांमध्ये माझ्या फक्त कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स. त्या सूनबाई दीक्षा अकोल्याहून वारांच्या डबीत भरून पाठवते, कारण पाकिटातून गोळी काढताना माझं बोट दुखतं असं तिला वाटतं. मला वाटत नाही. पण मुलीचा जीव आहे माझ्यावर.

लीलाबाईंनी साखरेची गोळी आजपासून बंद केली. मी काही आग्रह केला नाही. फक्त म्हटलं, गुलामी कुणाचीच वाईट.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

ज्येष्ठ नागरिक मंडळाने शुक्रवारी मधुमेह दिनानिमित्त बोलायला बोलावलं आहे. विषय मीच दिला: "माझी साखर माझ्या हातात." अध्यक्ष म्हणाले, दहा मिनिटं. बघू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

पस्तीस मिनिटं बोलले. एकतीस माणसं होती, जागी एकोणतीस. रिपोर्ट हातात धरून दाखवला. रिटायर्ड तलाठी महादेवराव यांनी मध्येच विचारलं, "मॅडम, गोळी अजिबातच नाही काय? एकबी?" मी म्हटलं, महादेवराव, प्रश्न विचारायचा तर उभं राहून विचारावा. ते उभे राहिले आणि प्रश्न विसरले.

नंतर रिपोर्टाच्या झेरॉक्स वाटल्या. गिला वडा दोन प्लेट. दही प्रकृतीला चांगलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

तळपाय जळतात. नवीन चपलेचं रबर हलकं दिसतं. तहान फार लागते. दिवसाला चार-पाच लीटर पाणी होतं. आरोग्याची सवय आपोआप लागली.

चालणं: उद्यापासून.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

अकोल्याला आले. नात आचल दहा वर्षांची झाली. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत उभी. तिथे एका मुलीने जागा दिली. तिला सहा पॉइंट दोनबद्दल सांगितलं.

मुलाचा, म्हणजे ललितचा, जठारपेठेतला फ्लॅट नीटनेटका आहे. दीक्षाने केक बिनसाखरेचा आणला. मी म्हटलं, माझ्यामुळे पोरीच्या वाढदिवसाला कशाला? मला काही नाही. ललित आणि दीक्षाने एकमेकांकडे पाहिलं. सुखी जोडपं. संध्याकाळी खरा केक आणवला. आवाज जरा चढवावा लागला.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा.

खालच्या सभागृहात तपासणी शिबिर होतं. मला गरज नव्हती. पण इतर बायकांना उदाहरण दिसावं म्हणून बोट पुढे केलं. यंत्रावर आकडा आला तीनशे अकरा. त्या नर्सला म्हटलं, बाई, यंत्र वापरते आहेस की फोन नंबर लावते आहेस? तिने दुसऱ्या बोटाला टोचलं. तीनशे आठ.

दोन बोटांत तीनचा फरक. यावरूनच यंत्राची लायकी कळते.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

अकोल्यातल्या एका लॅबमध्ये स्वतः जाऊन रीतसर रक्त दिलं. ललित नको म्हणत होता. लॅब लांब आहे म्हणे. सभागृहाच्या समोर आहे. संध्याकाळी रिपोर्ट: नऊ पॉइंट एक.

अकोल्याचं पाणी जड आहे, हे मी ललितच्या लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. आकडा ऐकून ललित दचकला नाही. मी रिपोर्ट वाचून दाखवण्याआधीच तो खुर्चीवर बसला होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. दुपारी अडीच.



ललितचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो ऑफिसला विसरून गेला. वाजला म्हणून पाहिला. कुणाचं काय चोरून बघायचा माझा स्वभाव नाही. एकोणचाळीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडले, प्लग लावून एक शब्द ऐकला नाही. (एका लग्नाच्या बोलण्यांचा अपवाद.) पण स्क्रीनवर "मोतीराम लॅब" असं नाव होतं आणि आचलने आपणहून फोन उघडून दिला.

वर तीन तारखेच्या दोन फायली होत्या. एकीचं नाव "शालूमॅडम घरची". दुसरीचं नाव "शालूमॅडम खरी".

घरचीत सहा पॉइंट दोन. खरीत नऊ पॉइंट शून्य.

मागे गेले. ऑगस्ट: घरची, खरी. मे: घरची, खरी. फेब्रुवारी. मागचं वर्ष. त्याच्या मागचं वर्ष. प्रत्येक वेळी दोन. आणि प्रत्येक खरीखाली ललितचा अंगठा.

आचल म्हणाली, "आजी, खरी वाली तूच आहेस न?"

बुधवार, २६ नोव्हेंबर.

काल जे झालं ते एक्स्चेंजच्या शिस्तीने, क्रमाने लिहिते.

ललित साडेसहाला आला. फोन त्याच्यासमोर ठेवला. तो बूट काढतच राहिला. एक बूट दहा मिनिटं. मग बोलला. म्हणे, आई, पहिला खरा रिपोर्ट आला तेव्हा तू काय केलं आठवतं? मोतीरामच्या अंगावर कागद फेकला. तीन दिवस जेवली नाहीस. डॉक्टरच्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्यास. म्हणालीस, आता मीही यांच्यासारखी जाते. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. माझ्यात ताकद नव्हती पुन्हा.

मी विचारलं, म्हणून खोटा रिपोर्ट? तो म्हणाला, म्हणून. मग दीक्षाने हळूच सांगितलं की डबीतलं कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम नाही. साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि किडनीसाठी एक. इथले एक डॉक्टर खरे रिपोर्ट बघून लिहून देतात. बी-कॉम्प्लेक्स मात्र खरंच बी-कॉम्प्लेक्स आहे. तेवढा एक प्रामाणिकपणा.

किडनीसाठी का, विचारलं. लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत म्हणे. मे महिन्यापासून. मे महिन्यापासून माझ्या किडनीची बातमी अकोल्याला आहे, अमरावतीला नाही. ज्या बाईने अर्ध्या विदर्भाला अर्ध्या विदर्भाशी जोडून दिलं, तिच्याच शरीराशी तिचं बोलणं परस्पर तोडून टाकलं.

मी मोठ्याने बोलले. शब्द जपून वापरायचा संकल्प होता, तो गेला. शुद्ध मराठीही गेली. "मले येडी समजता काय तुमी?" असं म्हणाले, असं आचलने आज मला नक्कल करून दाखवलं. माझ्या तोंडून हे वाक्य कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटने ऐकलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

विश्वास कुणावर ठेवावा? पोटच्या पोरावर नाही. सुनेवर नाही. डबीवर नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

सकाळच्या बसने परत आले. निरोप घेतला नाही. दीक्षाने डबी पिशवीत टाकली होती, हे मूर्तिजापूरला कळलं. तिथेच फेकून देणार होते. कचरापेटी सापडली नाही. गोळी घेतली. निषेध नोंदवून घेतली.

ठरवलं:
मोतीरामला इंग्रजीतून नोटीस.
माहितीच्या अधिकारात अर्ज.
ग्राहक मंच.
ज्येष्ठ नागरिक मंडळात नवं भाषण: "माझा रिपोर्ट माझ्या हातात." या वेळी पूर्ण तास.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

माहितीचा अधिकार मोतीरामला लागत नाही. तो सरकारी नाही. मग खासगी खोटेपणाला कोणता अधिकार लागतो, हे झेरॉक्सवाल्याला माहीत नव्हतं.

पुन्हा भाषण द्यायचं तर आधीच्या एकतीस जणांना सांगावं लागेल की मागचं भाषण गोळ्यांच्या जिवावर होतं. भाषणाचा विचार तूर्त पुढे.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

लीलाबाईंना सांगणं भाग होतं. तेवीस दिवस त्यांनी माझ्या शब्दावर गोळी सोडली आहे. दोन दिवस धीर झाला नाही. आज गेले. म्हटलं, लीलाबाई, बसा. माझ्याकडून एक चूक झाली असण्याची शक्यता आहे. तुम्ही आजच गोळी सुरू करा.

त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "कोन्ती गोळी? माही तं चालूच हाय. मी काय येडी हावो काय शालूताई, डॉक्टरची गोळी मेथीच्या पान्यावर सोडाले?" मग मला बंद केली असं का सांगितलं? "आता तुमी एवढ्या सांगून राहिल्या होत्या. तुमचं मन कायले मोडाचं? तुमच्याशी वाद घालाले सवड पायजे न."

त्या वाचल्या, हे चांगलंच झालं. पण मनातून मला अत्यंत अपमान वाटला. मटार सोलायला बसवून घेतलं, ते वेगळंच.

सोमवार, १ डिसेंबर.

नोटीस लिहिली. दोन पानं, इंग्रजीत. रुग्णाचा स्वतःच्या शरीराविषयीच्या माहितीवरचा हक्क, विश्वासघात, व्यावसायिक नीती, सगळं आलं. शेवटच्या परिच्छेदात "डिस्पिकेबल" (म्हणजे नीच) शब्द वापरला. बारावीपासून वापरायचा राहिला होता.

मोतीरामला नेऊन दिली. त्याने ती उभ्यानेच वाचली, ओठ हलवत. मग म्हणाला, "मॅडम, इंग्रजी लय जोरदार हाय." म्हटलं, अर्थ कळला का? म्हणे, "राग कळला." परवा दुपारी गर्दी नसते, तेव्हा या, रजिस्टर दाखवतो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.

घाबरला आहे.

बुधवार, ३ डिसेंबर. दुपारी चार.

गेले होते. लिहावं की नाही, तासभर ठरत नव्हतं. लॉगबुकात नको असलेला कॉलही लिहावा लागतो.

मोतीरामने कपाटातून लांब रजिस्टर काढलं. त्याच्याकडे प्रत्येक घराला एक पान आहे. आमचं एकशे चौदा. कोपऱ्यात लाल शाईने मोठा "घ". विचारलं, हे काय? तो म्हणाला, "घ म्हंजे घरची. ज्या पानावर घ हाय, त्या घरात पेशंटले खरी कॉपी द्याची नाही, घरच्याईले द्याची. पेशंटसाठी वेगळी काढाची." हे नियम कुणी केले? ललितने?

"ललितभाऊनं तं फक्त इच्यारलं का आईले कसं सांगू. मी म्हटलं, तुमच्या पानावर घ हायेच. मॅडमनंच लावला."

मी म्हटलं, मी? कधी?

त्याने पानामागे टाचलेली चिठ्ठी काढून दिली. एक्स्चेंजच्या जुन्या लॉगबुकातला कागद. तिरकं, सरळ रेषेतलं इंग्रजी अक्षर. नऊ ऑगस्ट दोन हजार एकवीस. पेशंट: श्री. शेषराव. यांच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट कोणत्याही परिस्थितीत पेशंटच्या हाती देऊ नये. त्यांना बघण्यासाठी योग्य अशी वेगळी प्रत तयार करावी. मूळ प्रती खाली सही करणारीकडेच द्याव्यात. खाली माझी सही, आणि सहीखाली रेघ.

इंग्रजीत चूक एकही नाही.

मोतीराम म्हणाला, "त्याच्या आंधी आपल्या लॅबमदे असं काही नोतं मॅडम. तुमी लिहून देल्लं म्हून मी पयल्यांदा केलं. मंग लोकाईले समजलं. आता बारा घरं हायेत घ वाली. तुमचीच आयडिया." हे त्याने कौतुकाने सांगितलं.

साहेब, म्हणजे आमचे शेषराव, गेले तेव्हा त्याने त्यांच्या नावावर रेघ मारली. पुढे ललितने विचारलं तेव्हा खाली माझं नाव लिहिलं. घ तसाच राहिला.

गुरुवार, ४ डिसेंबर.

ती गोष्ट वेगळी होती.

एक, ते हळवे होते. मी नाही.

दोन, लिव्हरचा कॅन्सर होता. साखर नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सहा महिने सांगितले. सहा महिने त्यांनी भिंतीकडे बघत काढायचे का? मी मोतीरामकडून "सूज, उतरत आहे" असा रिपोर्ट काढून घेतला. ते आल्यागेल्याला दाखवायचे. आनंदात होते.

तीन, मी बायको होते. मुलगा आणि बायको यांत फरक असतो. कोणता, ते आत्ता नेमकं सुचत नाही.

लीलाबाई मटार घेऊन आल्या होत्या. दार उघडलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर.

सकाळी इर्विन चौकात पुतळ्याला फुलं वाहून आले. महापरिनिर्वाण दिनाला दरवर्षी जाते. शेषराव होते तेव्हा दोघं जायचो. ते फुलं धरायचे, मी पिशवी. माझ्या बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेव्हा याच चौकात उभं करून सांगितलं होतं की आपल्याला कुणी काही विचारू देत नव्हतं, वाचू देत नव्हतं, तू सगळं विचार. मी सगळं विचारत आले. समोरच्याला विचारू दिलं की नाही, हे बाबांनी विचारलं नव्हतं.

रांगेत पुढे मोतीराम होता, पांढरा शर्ट घालून. फूल वाहून झाल्यावर थांबला माझ्यासाठी. काहीतरी सांगायचं होतं. मला वाटलं, माफी. म्हटलं, बोल.

म्हणाला, "मॅडम, परवा सांगाचं राहून गेलं. साहेब आले व्हते एकडाव. एकटे. स्कूटर घेऊन." कधी? "ऑक्टोबर असन. दिवाळीच्या आंधी." कशाला? "म्हणे, मोतीराम, माहा खरा कागद दाखव. मी म्हटलं, साहेब, मॅडमची चिठ्ठी हाय. मंग म्हणे, बरं, कागद नोको दाखवू. मले परतवाड्याले जाचं हाय माणिककडे. एवढंच सांग, आता जाऊ का बरं वाटल्यावर जाऊ?"

माणिकबाई ही त्यांची धाकटी बहीण. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. त्या आजारात रोज म्हणायचे, जरा बरं वाटलं की परतवाड्याला जाऊन येऊ. मी म्हणायची, जाऊ की, घाई काय आहे.

मी मोतीरामला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"मी म्हटलं, घाई नाही साहेब. आरामात जा." बाकावर बसले म्हणे थोडा वेळ. पाणी मागितलं. मग स्कूटर सुरू होईना, मोतीरामने किक मारून दिली.

फेब्रुवारीत गेले. माणिकबाई आल्या, पण तेव्हा यांचं तोंड झाकलेलं होतं.

मला यांनी कधी सांगितलं नाही की मी लॅबमध्ये गेलो होतो. घरी आले असतील, जेवले असतील. मी वाढलं असेल.

शनिवार, ६ डिसेंबर. संध्याकाळी.

मोतीरामने जे केलं, ते माझ्या लेखी सूचनेनुसार केलं. सूचना स्पष्ट होती. त्याची चूक काढता येत नाही. खूप प्रयत्न केला.

सोमवार, ८ डिसेंबर.

मोतीरामकडे गेले. नोटीस परत मागितली. म्हणे, फ्रेम करायला दिली आहे. त्या दोन पानांत आपल्याला काय म्हटलं आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही.

माझ्यासमोर एकशे चौदावरचा घ खोडायला लावला. चिठ्ठी काढून घेतली. फाडणार होते. पर्समध्ये ठेवली.

नवीन फॉर्म भरला. रक्त आणि लघवी, दोन्ही तपासण्या. रिपोर्ट फक्त माझ्या नंबरवर. दुसरा नंबर: निरंक. नातेवाईक: निरंक. मोतीराम म्हणाला, "एक तं नंबर देऊन ठेवा मॅडम, इमर्जन्सीले." म्हटलं, माझी इमर्जन्सी मीच उचलीन.

मंगळवार, ९ डिसेंबर.

ललितचा फोन आला. बारा दिवसांनी मी उचलला. तो रडला. पुरुषाने फोनवर रडू नये, समोरच्याला रुमाल देता येत नाही. म्हणाला, आई, पुन्हा नाही करणार. इथून पुढे जे खरं असेल तेच. दोन्हीकडून. मी म्हटलं, दोन्हीकडून म्हणजे काय, मी कधी खोटं बोलले? परतवाड्याचं त्याला सांगितलं नाही. मग मीच म्हटलं, बरं, दोन्हीकडून.

पलीकडून आचल ओरडली, "प्रॉमिस म्हण आजी!" प्रॉमिस म्हटलं.

बुधवार, १० डिसेंबर.

चालले. खरोखर. छत्री तलावापर्यंत नाही, मेडिकलच्या दुकानापर्यंत. परत रिक्षाने.

माणिकबाईंना फोन करायचं मनात होतं. नंबर काढून ठेवला आहे.

गुरुवार, ११ डिसेंबर. दुपारी बारा.

रिपोर्ट माझ्या फोनवर आला. माझ्या नावाने, माझ्याकडे, मधे कुणी नाही. मोतीरामकडून तीन वर्षांत पहिल्यांदा. अशा वेळी माणसाला अभिमान वाटायला हवा. चहा करून, चष्मा पुसून, मग उघडीन.

दुपारी दोन.

चष्मा पुसला.

संध्याकाळी पावणेसहा.

उघडला. साखर आठ पॉइंट नऊ. म्हणजे साडेआठच्या आसपास. म्हणजे आठच म्हणायला हरकत नाही. लघवीतलं प्रथिन मात्र मे महिन्याच्या दुप्पट. त्या आकड्यासमोर मोतीरामच्या मशीनने चांदणी काढली आहे. चांदणीचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिला आहे. तो तीन वेळा वाचला. इंग्रजी सोपं आहे.

घरात मी एकटीच होते. कुणावर ओरडता आलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळी अकरा.

साडेआठला ललितचा फोन. आई, आला का रिपोर्ट? आवाज बारीक. मागून दीक्षा विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात. त्याला मागच्या महिन्यापासून बीपीची गोळी लागली, हे आचलने मला सांगितलं आहे. त्याने नाही.

म्हटलं, आला. छान आहे. साखर उतरते आहे, किडनी जागच्या जागी आहे. तो म्हणाला, फोटो पाठव. म्हटलं, फोन जरा बिघडला आहे, दुपारी पाठवते.

ही गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरकडे मी आपली आपण जाणार आहे. सोमवारी. मंगळवारी नक्की. पोराने उगाच बस धरून धावत येऊ नये, एवढंच.

मोतीरामकडे गेले. ललितसाठी एक कॉपी काढून दे म्हटलं. त्याने रजिस्टर काढून एकशे चौदावं पान उघडलं. "मॅडम, घ तं खोडला न आपन?" म्हटलं, माझ्यापुरता खोडला. ललितला नवीन पान उघड.

त्याने कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं आणि विचारलं, किती टाकू?

सात पॉइंट एक सांगितलं. तुझे सहा पॉइंट दोन फार चांगले होते मोतीराम. एवढं चांगलं टाकलं की पोराला संशय येईल.